अर्ज पाच पानांचा, समास एकोणीस पानांचा

स्कार्वोय बेट,
मार्चमधला दुसरा बुधवार, दाट धुकं

प्रिय मार्गिटताई,

तुझ्या हाल्वरचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. आत लोकरीची दुसरी आहे, ती काढत नाही. स्वयंपाकघरात नऊ अंश आहे.) तुझा डावा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा होता, त्याच्या आधीच्यात डावा, तेव्हा या खेपेला डाव्याची पाळी असणार असं धरून विचारतो. बर्गनला पाऊस पडतच असेल, ते विचारत नाही. तुझ्या लेकाला आशीर्वाद, सूनबाईंना नमस्कार, आणि माझ्या मोज्यांत बाळंत झालेल्या त्यांच्या मांजरीला काहीच नाही. मी बरा आहे. दात उरले तेवढे घट्ट आहेत.

नाताळपासून पत्र नाही म्हणून तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण ताई, मी जानेवारीत संगणकातल्या एका कोऱ्या पानात शिरलो आणि आत्ता कुठे बाहेर पडतोय. अजून रस्त्याने चालतानासुद्धा दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर जागा सोडून चालतो. झालं ते असं. डिसेंबरात जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं की पुढल्या हिवाळ्यापासून, नोव्हेंबर ते मार्च, आपल्या बेटाची बोट बंद. बेटावर माणसं त्रेचाळीस, त्यांतली ये-जा करणारी थोडी, ते काही परवडत नाही. हरकत असल्यास एकतीस जानेवारीला दुपारी बाराच्या आत अर्ज पाठवावा. अर्ज पाच पानांचा, अक्षर बारा आकाराचं, दोन ओळींत दीड ओळीचं अंतर, चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर समास. (बोट बुडवायची असली की माणसाला समासाचं माप सुचतं.)

आस्लाउगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. आस्लाउग म्हणजे आता दुकान चालवते ती, बेटाच्या मंडळाची अध्यक्ष. तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती आणि तेव्हाही सगळ्यांना रांगेत उभी करत होती. वाफल खाऊन झाल्यावर लिहायचं कोणी असा प्रश्न निघाला आणि सगळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मी पोस्टमन होतो, लेखक नव्हे. “चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाहिलीस ना,” आस्लाउग म्हणाली, “मग आता एक स्वतः लिही, हात काही झिजत नाहीत.” बंद पडलेल्या शाळेचा संगणक त्याच संध्याकाळी माझ्या घरी आणून ठेवला. येताना त्याच्यावर सुक्या कॉड माशांची जुडी ठेवली होती, त्यामुळे तो तापला की अजून वास येतो.

ताई, पहिला आठवडा मी काहीच लिहिलं नाही. सकाळी पान उघडायचो, आणि खिडकीबाहेरचं धुकं आणि पडद्यावरचं पान यांत फरक राहायचा नाही. दोन्ही पांढरी, दोन्ही गप्प. वरच्या कोपऱ्यात ती एक उभी काडी लुकलुकत असायची, खाडीच्या तोंडाशी आपला दिवा लुकलुकतो तशी. दिवा सांगतो इथे खडक आहे. काडी सांगते इथे अजून काहीच नाही. तिच्याकडे बघता बघता जेवणानंतर डोळा लागायचा, आणि स्वप्नात परिच्छेद यायचे. किनाऱ्यापासून सुटलेल्या बर्फाच्या लाद्यांसारखे ते खाडीतून हळूहळू वाहत जायचे, एकेकावर दोन-तीन मेंढ्या उभ्या, आणि मी धक्क्यावरून ओरडायचो, “डावीकडे जुळवा! अरे, डावीकडे जुळवा!” एकदा असा गाढ झोपलो की कोपर कुठल्याशा अक्षरावर टेकलं. जागा झालो तेव्हा अर्ज छप्पन्न पानांचा झाला होता आणि सगळी पानं नुसत्या ‘म’ची होती. (आस्लाउगने ती सगळी वाचली आणि म्हणाली, एवढाच भाग मुद्देसूद उतरलाय.)

मग हळूहळू लिहायला लागलो. अकरा पानं झाली. अकराची पाच करायची म्हणून अक्षर बाराचं साडेअकरा केलं, कोणाला कळणार? यूडिटआजींना कळलं. एक्याण्णव वर्षांच्या आहेत, भिंग घेऊन पडद्याला नाक लावून बसल्या. “मला दिसेल एवढं तरी ठेव रे.” मी म्हटलं, आजी, तुम्हाला नाही, साहेबांना दिसायला हवं. तर म्हणतात, “साहेब काय म्हातारे व्हायचे नाहीत?” पुन्हा बारा केलं. मग पहिल्या पानावर बोटीचा फोटो लावावा असं ठरलं. फोटो लावला, तो जरा उजवीकडे सरकवला, एवढासा, नखाएवढा, तर तिसऱ्या पानावरचा डॉक्टर पाचव्यावर गेला, मेंढ्यांचा तक्ता मधोमध फाटला आणि माझी सही पहिल्या पानावर एकटीच येऊन उभी राहिली, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखी. फोटो काढून टाकला. तरी सही परत गेली नाही. दुसऱ्या दिवशी कुठलीशी कळ दाबली गेली आणि शब्दाशब्दाच्या मध्ये बारीक ठिपके उमटले, ओळी संपतात तिथे उलटी चिन्हं. आस्लाउग म्हणाली, पानाला गोवर आला. मला मात्र ते आवडलं. इतके दिवस मला वाटायचं की शब्दांच्या मध्ये काही नसतं. तर तिथेही कुणीतरी नेमून ठेवलेलं असतं, गप्प बसायला. मी ठिपके दोन दिवस तसेच ठेवले.

त्यानंतर बोटीचं प्रकरण. आस्लाउगला अचानक वाटलं की ‘बोट’ या शब्दात वजन नाही. बोट काय, टोर्मोडची शेवंड पकडायचीही बोटच. अर्जात ‘जहाज’ पाहिजे. संगणकात अशी सोय आहे की जुना शब्द सांगावा, नवा सांगावा, एक बटण दाबावं, की सगळीकडे अदलाबदल. मी दाबलं. एकशे अठरा ठिकाणी झाली, असं त्याने मला अभिमानाने सांगितलंही. मग वाचायला घेतलं. ‘यूडिटबाईंच्या उजव्या हाताचं मधलं जहाज थंडीत वाकत नाही.’ ‘हिवाळ्यातले प्रवासी जहाजांवर मोजण्याइतके असले तरी.’ ‘बेटवासीयांच्या देशप्रेमाकडे आजवर कोणी जहाज दाखवलेलं नाही.’ आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती बोट? तिथे ‘आम्ही जहाजीने ये-जा करतो.’ म्हणजे ताई बघ, जिथे हाताची बोटं होती तिथे व्याकरण सुरेख जमलं आणि जिथे खरोखर बोट होती तिथेच ती लंगडी झाली. एकशे सतरा ठिकाणी हाताने दुरुस्त केलं. एक राहिलं, ते पुढे कळलं.

कापून कापून अकराची सात पानं झाली, तरी दोन जास्तच होती. काय कापायचं यावर दुकानात भांडणं व्हायला लागली, गिऱ्हाईक मागे फिरायला लागलं, तेव्हा आस्लाउगने अशी व्यवस्था लावली की अर्ज ज्याला त्याला आपल्या घरून उघडता यावा आणि ज्याला जे म्हणायचं असेल ते त्याने समासात टिप्पणी म्हणून लिहावं. प्रत्येकाला संगणकाने एकेक रंग दिला. माझा तपकिरी. मग काय विचारतेस! ज्या माणसांच्या तोंडून अख्ख्या हिवाळ्यात हवेशिवाय विषय निघत नाही ती समासात बोलायला लागली. ‘बेटावर सर्व जीवनावश्यक वस्तू मिळतात’ असं मी लिहिलं होतं. त्याच्या शेजारी कुणी लिहिलं: ऑक्टोबरपासून यीस्ट नाही. खाली आस्लाउग: मागितलं होतंस का? तो: मागितलं होतं. आस्लाउग: हळू मागितलं असशील. ‘प्रवासी संख्या’ या तक्त्याशेजारी यूडिटआजींनी, एकेक अक्षर शोधत, लिहिलं: मी कुठे जात नाही. पण बोट आली की उठून केस विंचरते. हे अर्जात कुठे घालावं ते सुचेना. तक्त्यात तर बसत नव्हतं.

आणि एक रंग हिरवा होता. तो टोर्मोडचा.

टोर्मोड कोण ते तुला सांगायला नको. माझ्या समोरचं लाल घर, चाळीस पावलांवर. पण आमच्यात जे झालं ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. मी टपालाची थैली बोटीवर द्यायचो, धक्क्यावर कोणी राहिलं नाही ना ते बघायचो आणि हात वर करायचो. हात वर गेला की कप्तान बोट सोडायचा. त्या दिवशी आजच्यासारखंच धुकं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात वर केला. बोट गेली. दोन मिनिटांनी उतारावरून टोर्मोड आला, बायकोला, इंगरला, खांद्याशी धरून. तिच्या छातीत दुखत होतं. पुढली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्या धुक्यात हेलिकॉप्टर उतरेना. इंगर नवव्या दिवशी इस्पितळात वारली. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने काही फरक पडला नसता. टोर्मोड मला एका शब्दाने बोलला नाही. नऊ वर्षं. टपाल माझ्या हातून घ्यायचा, समुद्राकडे बघत.

तर सकाळी सातला मी कॉफी घेऊन पान उघडायचो आणि ती हिरवी काडी आधीच आत हिंडत असायची, वर त्याचं नाव. समोर त्याच्या स्वयंपाकघरात दिवा. खिडकीतून तो माझ्याकडे बघायचा नाही, मी त्याच्याकडे बघायचो नाही, आणि पानात आम्ही दोघं एकाच ओळीवर उभे असायचो. सुरुवातीला फक्त: इथे स्वल्पविराम हवा. मी घालायचो. मग: ‘सदरहू’ दोनदा आलंय. मी एक काढायचो. आठ-दहा दिवस असं चाललं. ताई, मला त्या सकाळची ओढच लागली. धुक्यात लांबवर दुसऱ्या होडीचा कंदील दिसला की बरं वाटतं ना, तसं. हाक मारायची नसते. तो आहे एवढंच पुरे.

पान चारवर माझं एक वाक्य होतं, मोठ्या कष्टाने घडवलेलं: ‘हिवाळी फेऱ्यांच्या अभावी वैद्यकीय साहाय्य प्राप्त होण्यास विलंब संभवतो.’ एका सकाळी हिरवी काडी त्या वाक्याच्या शेवटाशी येऊन थांबली. बराच वेळ नुसती लुकलुकत राहिली. मग समासात उमटलं: विलंब नाही. इंगर. तसं लिही.

माझी कॉफी गार झाली. मी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग एवढंच राहिलं: तुम्ही दोघं मला दिसला नाहीत. धुकं होतं. मी दोनदा बघितलं होतं.

उत्तर लगेच आलं: माहीत आहे.

मी पुढे काहीतरी लांबलचक लिहायला लागलो, क्षमेबद्दल, त्या हाताबद्दल, तो वर करताना अजून खांदा कसा दुखतो त्याबद्दल. चार ओळी झाल्या असतील. तेवढ्यात खालून हिरवं आलं: हाल्वर, इथे पूर्णविराम दे.

दिला. समोर खिडकीत बघितलं. टोर्मोड कपबशी धूत होता. त्याने फडकं वर करून हलवलं. आता ते वाळत घालण्यासाठी असेल किंवा माझ्यासाठी, पण वाळत घालायची दोरी उजवीकडे आहे आणि त्याने हलवलं डावीकडे.

एकतीस तारीख आली. अर्ज बरोबर पाच पानांचा झाला. आस्लाउगने मला कागदावर लिहून दिलं होतं: सगळे बदल मान्य कर, टिप्पण्या पूस, मग पाठव. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी, धक्क्यावर भोंगा वाजत असताना, मी मान्य केले, पुसल्या, आणि पाठवली ती शेजारची फाइल. तिचंही नाव ‘शेवटचा अर्ज’च होतं. (अशा सात होत्या. एकीचं ‘शेवटचा अर्ज खरंच’.) दुपारी दुकानात आस्लाउगने पाठवलेलं उघडून बघितलं आणि अशी किंचाळली की कप्तानाला वाटलं धक्का कोसळला. दोनशे बारा टिप्पण्या, रंगीत. यीस्टसकट. इंगरसकट. “हाल्वर,” ती शेवटी अगदी हळू म्हणाली, आणि आस्लाउग हळू बोलली की पळून जावं, “आख्ख्या बेटाची अंतर्वस्त्रं तू सरकारच्या दोरीवर वाळत घातलीस.”

टोर्मोडच्या घरी मीच गेलो सांगायला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दार वाजवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “स्वल्पविराम सगळे घातले होतेस ना?” मी म्हटलं, घातले होते. “मग बस.” आणि कॉफी ओतली.

महिनाभर काही उत्तर नाही. आणि मागच्या मंगळवारी, धुक्यातून, बोटीवरून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, पिवळा रेनकोट, काखेत कागदांचा गठ्ठा. योरुनबाई, जिल्हा कार्यालयातल्या, अर्ज वाचायचं काम त्यांचं. न कळवता आल्या होत्या. दुकानात बसून दोन वाफल खाल्ले आणि म्हणाल्या, “यीस्ट आलं का?” आस्लाउगचा चेहरा मी तुला वर्णन करून सांगू शकत नाही. मग त्यांनी गठ्ठा ठेवला. कार्यालयात छापून घेतला होता: अर्ज पाच पानं, समास एकोणीस. “खरं सांगू?” त्या म्हणाल्या, “असे अर्ज माझ्याकडे चाळीस आले. तुमचा वाचताना मला झोप आली. समास वाचताना उडाली.” एवढ्यात भोंगा वाजला, परतीची बोट धक्क्याला लागली, सुटायला अजून अर्धा तास होता. त्या दारात गेल्या आणि समोरच्या घराच्या खिडकीकडे बघत राहिल्या. आत यूडिटआजी आरशासमोर केस विंचरत होत्या. योरुनबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं, आणि वही मिटली. जाताना फक्त मला विचारलं, “‘बारा नंबरच्या मोज्यांना अंगठ्याचं जहाज असतं का’ हे तुम्ही तिसऱ्या पानावर का विचारलंय?” (ते राहिलेलं एक. मूळ वाक्य कुणाचं आणि अर्जात कसं शिरलं, त्याचा तपास चालू आहे.)

काल पत्र आलं. हिवाळ्यात बोट चालू राहणार, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढली चार वर्षं. पत्र अगदी कार्यालयी आहे, ‘सदरहू’ तीनदा आलंय. टोर्मोडने ते वाचलं, खिशातून पेन्सिल काढून दोन खोडले, आणि मग डोळे पुसले. मी समुद्राकडे बघत होतो, मी काही पाहिलं नाही.

असो. तर ताई, गुडघ्याला ऊब दे, रागावू नकोस. तुझ्या उत्तराची वाट बघणाऱ्यांत धक्क्यावर मी सगळ्यांत पुढे उभा असेन.

तुझा धाकटा,
हाल्वर

ता. क. वर मी टोर्मोडबद्दल जे लिहिलं ते सगळं मनापासून आहे. पण एक सांगायचं राहिलं. तो आता बोलतो. ताई, तो थांबत नाही. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं, तारीखवार. सकाळी साडेसहाला येतो आणि शेवंडांच्या मिशांपासून सुरू करतो. काल दोन तास नुसतं दोरखंडावर बोलला. देवाशप्पथ सांगतो, ती नऊ वर्षं तशी फार वाईट नव्हती.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, वाटेत भरकटलो. पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या बोटीने मी पंधरा दिवसांसाठी तुझ्याकडे येऊ का? मला फक्त एक कोपरा दे. कोणी बोलू नये एवढीच अट. तू बोललीस तर चालेल, तू मधून मधून श्वास घेतेस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात टोर्मोड आला आणि कुठे चाललास म्हणाला. मला खोटं सुचलं नाही. तोही येतोय, इंगर बर्गनची होती, तिच्या बहिणीला भेटायचं म्हणतो, ते मोडवेना. तेव्हा बिछाने दोन घाल, पण वेगवेगळ्या खोल्यांत, कारण आस्लाउग म्हणाली की तो झोपेतही बोलतो. हे तिला कसं माहीत ते विचारायची माझी छाती झाली नाही.